आला त्याचं परातीत

"जुईची आई, खिडकी सोडा. पोरांचा उजेड अडतोय."

लवटे बाईंनी मागं वळूनही पाहिलं नव्हतं. त्या फळ्यावर तिसरीसाठी हातच्याची बेरीज लिहीत होत्या. पोरं मात्र सगळी वळली आणि फिदीफिदी हसली. मी बाजूला झाले, भिंतीला पाठ लावली आणि थोड्या वेळानं पुन्हा डोकावले.

माझी जुई दाराशी गोणपाटावर बसली होती. पुढ्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि शेजारी ॲल्युमिनियमची परात. डब्यात हात घालून तिनं एक मोठं बटण काढलं आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"कुणाचं ते?" बाईंनी विचारलं.

"हशद."

"हर्षद आलाय का बघ."

कुणी हात वर करायचा नाही, कुणी खुणवायचं नाही, असं बाईंनी पोरांना बजावलेलं होतं. जुईनं एकेक चेहरा बघत नेला. तिसऱ्या ओळीत हर्षद सापडला. त्यानं उगाच तोंड लपवलं होतं. तिनं बटण परातीत टाकलं.

"आला त्याचं परातीत," बाई म्हणाल्या.

"नाई त्याचं दब्यात," जुईनं पुरं केलं.

मग चिंचोका, मग बाटलीचं निळं झाकण, मग कुणाच्या तरी मोडक्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक. सगळ्यात शेवटी घुंगरू. आमच्या शेळीच्या गळ्यातलं होतं ते. ते ती हात उंच करून टाकायची, आवाज मोठा यावा म्हणून. परात खणकन वाजली की छातीवर थाप मारून म्हणायची, "आनि मी."

ती दुसरीत होती तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या वाडीची शाळा दोन शिक्षकी. जंगम गुरुजी मुख्याध्यापक, त्यांच्याकडे चौथी आणि सगळी कागदपत्रं. लवटे बाईंकडे उरलेले तीन वर्ग, एकाच खोलीत. एका बाजूला पहिलीवाले अक्षरं गिरवतायत, मधे दुसरीवाले पाढे म्हणतायत, खिडकीकडे तिसरीची बेरीज. त्यात जुई.

जुई जन्मली ती रडलीच नाही बराच वेळ. सांगलीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, वाढ सावकाश होईल. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून त्यांनी मला जरा सविस्तर सांगितलं, आणि तेच वाईट झालं. ह्यांना फक्त 'सावकाश' एवढंच ऐकू आलं. सावकाश म्हणजे होणार. ते दूध संकलन केंद्रावर निर्धास्त जायचे. मी मात्र शेजारणींच्या पोरांकडे बघत बसायची. कोण कधी बसलं, कोण कधी चाललं, कोण कधी 'आई' म्हणालं. जुईनं एखादा नवा शब्द उच्चारला की मला आनंद व्हायच्या आधी हिशेबच सुचायचा, की शेजारची सई हे कधी बोलली होती.

पहिली तिनं कोपऱ्यात बसून काढली. वर्षाखेरीला सगळ्यांबरोबर तीही वर गेली. दुसरीला लवटे बाई बदलून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करूनच गेले होते. आता सांगतील, हिला दुसरीकडे बघा.

बाईंनी विचारलं, जुई घरी काय करते? मी सांगायला लागले. अजून बटणं लावता येत नाहीत, शर्ट उलटा घालते, लाल आणि हिरवा ओळखते पण नाव सांगत नाही, पाचाच्या पुढं…

"ते नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "काय येत नाही ते मला वर्गात दिसतंय. करते काय?"

मला आठवावं लागलं. खरंच आठवावं लागलं. मग म्हटलं, संध्याकाळी चपला लावते. दिवेलागणीला उंबऱ्यात बसते. चपलांचा आवाज आला की "कोन आलं?" म्हणून विचारते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रानातून आल्या की त्यांच्या चपला भिंतीशी लावते. ह्यांच्या आल्या की त्यांच्या शेजारी. सगळ्यांच्या लागल्याशिवाय जेवायला उठत नाही. ह्यांना केंद्रावर उशीर झाला तर तिथंच पेंगत बसते.

बाईंचा चेहरा उजळला. "झालं की मग. तिला कोण आलं आणि कोण राहिलं ते कळतं. तिथनं सुरू करू."

पुस्तक कुठलं घेऊ, असं मी विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तिचं पुस्तक बाजारात मिळायचं नाही. आधी कोण आलं ते. मग प्रत्येकाची एक वस्तू. मग एका वस्तूला एक ताट. ताटांवरून आकडा. आणि त्याच पोरांच्या नावांवरून अक्षरं. बाकीच्या वर्गाचं जे चाललंय तेच हिचंही, फक्त वाट जरा लांबून. दिवाळीपर्यंत हे, संक्रांतीपर्यंत ते, असं सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. वर्गातल्या पोरांना त्यांनी मुठीत मावेल अशी एकेक वस्तू घरून आणायला सांगितली. जुईसाठी आत्यांनी शेळीचं घुंगरू सोडून दिलं. दिलं, पण तोंड वाजवल्याशिवाय नाही.

"शाळेत पोरीला ताटं मांडायला शिकवत्यात व्हय? हितं काय ताटं कमी हैत? घरी मी शिकवलं असतं की, बिनपगारी."

मलाही आतून तसंच वाटत होतं. पण कुणीतरी माझ्या मुलीसाठी एवढं बसून ठरवलंय, याचंच अप्रूप इतकं होतं की मी गप्प राहिले. आणि रोज काहीतरी निमित्त काढून खिडकीशी जाऊन उभी राहायला लागले.

पहिले कितीतरी दिवस जुई सगळ्याच वस्तू परातीत टाकायची. न आलेल्यांच्याही. बाई विचारायच्या, ही आलीय का? जुई दाराकडे बोट दाखवायची, म्हणजे येईल. तिला कुणी राहिलेलं चालत नव्हतं. बाई वस्तू परत डब्यात ठेवायच्या आणि तेच वाक्य म्हणायच्या, न चिडता, रोज. मी खिडकीबाहेर ओठ चावत उभी. मला वाटायचं, सोडून देतील. आज नाही तर उद्या कंटाळतील.

मग हर्षदला कांजिण्या आल्या. जुईनं बटण हातात घेतलं. सगळे चेहरे पाहिले, पुन्हा पाहिले, मग दाराकडे पाहत राहिली. बाकीच्यांचा पाढा म्हणून झाला तरी ती बटण धरून बसलेली. शेवटी तिनं ते डब्यात ठेवलं आणि ओठ काढून रडायला लागली.

"नाई आला," ती म्हणाली.

बाईंनी खडू खाली ठेवला. जुईजवळ बसल्या, तिचं डोकं छातीशी घेतलं आणि तशाच बसून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज खिडकीत उभ्या राहा तुम्ही. आज उजेड अडला तरी चालेल."

त्यानंतर गाडं चालायला लागलं. परात घेऊन ती स्वयंपाकाच्या खोलीत जायची आणि एकेका वस्तूला एकेक ताट काढायची. खिचडी शिजवणाऱ्या मालनमावशी मुद्दाम एखादं ताट लपवून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सायबीन, बरोबर हाय का गं?" जुई परात बघायची, ताटं बघायची आणि मावशींच्या पदराखाली हात घालून ताट ओढून काढायची. घुंगराचं ताट सगळ्यात शेवटी. ते ती स्वतः घेऊन जायची. दिवाळीनंतर तिला स्वतःचं नाव वाचता यायला लागलं. मग हर्षदचं. घरी चपला लावताना ती तोंडानं पुटपुटायची, एक, दोन, तीन, आणि मला ते स्वयंपाकघरात ऐकू आलं की मी शेगडी बारीक करायची.

संक्रांत झाली आणि शाळा तपासायला पथक येणार असल्याचं कळलं.

जंगम गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांना निवृत्तीच्या आधी एकदा शाळेला पाटी लागलेली बघायची होती. एकही मूल मागं नसलेली शाळा. पथक येणार, कुठल्याही मुलाला उभं करून वाचायला सांगणार, गणित घालणार. त्यांनी व्हरांडा रंगवून घेतला, झाडांच्या बुंध्यांना गेरू लावला, पोरांकडून स्वागताचं गाणं बसवून घेतलं.

आदल्या दिवशी दुपारी लवटे बाई आमच्या घरी आल्या. जुई अंगणात शेळीजवळ होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. चहाला नको म्हणाल्या, मग घेतला, आणि कप तसाच हातात धरून बसल्या.

"उद्या जुईला घरी ठेवाल का? एकच दिवस."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, तिला बरं आहे की. काल जरा नाक वाहत होतं तेवढंच.

"तसं नाही." बाई कपाकडे बघत होत्या. "उद्या पथक आहे."

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"बाई, पोरीला ताटं मांडायला तुमीच शिकवलंसा नव्हं? मग पाव्हणं आल्यावर ताट मांडणारीलाच बाहीर काढतायसा?"

मी म्हटलं, जुई रोज येते, उद्याही येईल. तिला जेवढं येतं तेवढं ती दाखवेल. नावं वाचते की ती. ताटं मोजते. त्यासाठीच तर शिकवलंत ना सगळं?

"त्यांच्या तक्त्यात ताटं नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांचा उतारा आहे आणि वजाबाकी आहे. ती गप्प उभी राहील. ते विचारतील, ही इथं कशी? लिहून नेतील. मागच्या गावात माझ्या वर्गात एक मुलगा होता, असाच. मीच हौसेनं पुढं केला होता, बघा काय काय शिकलाय म्हणून. त्यांनी आईबापांना समजावलं, जिल्ह्याच्या गावी विशेष शाळा आहे, वसतिगृह आहे, तिथं याचं भलं होईल. गेला तो." त्यांनी कप खाली ठेवला. "मला जुई वर्गात हवीय. म्हणून सांगतेय. गुरुजींसाठी नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोटं बोलत नव्हत्या त्या. तोच तर त्रास होता.

"ती येईल," मी म्हटलं.

बाई उठल्या. अंगणात गेल्या, जुईच्या केसातली गवताची काडी काढली, आणि फाटकाशी थांबून मला म्हणाल्या, "बरं. पाठवा. मी बघते."

मला वाटलं, ऐकलं त्यांनी माझं.

सकाळी मी जुईला न्हाऊ घातलं, इस्त्रीचा गणवेश घातला, दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या. हे केंद्रावर जायच्या आधी तिला स्कूटरवर पुढं उभी करून शाळेत सोडून आले. म्हणाले, शाळा लग्नघरासारखी सजलीय, तुझी लेक हात सोडून पळत आत गेली.

मी घरात काय काय केलं ते आठवत नाही. दुपारी खिचडीची वेळ झाली तशी तिची पाण्याची बाटली दिसली, ओट्यावर राहिलेली. राहिलेली म्हणजे मीच दिली नव्हती की काय, देव जाणे. मी ती घेऊन निघाले.

फाटकाबाहेर पांढरी जीप उभी होती. व्हरांड्यात रांगोळी, पोरं दोन ओळींत मांडी घालून जेवायला बसलेली. पुढं ताटं. परात घेऊन सई हिंडत होती, आमच्या शेजारची सई. तिच्या परातीत वस्तू नव्हत्या, लाडू होते. मी दोन्ही ओळी बघितल्या. एकेक चेहरा बघत नेला, जुई बघायची तसा. लाल रिबिनी कुठं दिसेनात.

मालनमावशी स्वयंपाकाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून नुसतीच हनुवटी पटांगणाच्या टोकाकडे वळवली. तिकडं अंगणवाडीची खोली होती.

आत बाळं निजली होती. चटईवर, कुणी उताणं, कुणी पालथं. त्यांच्या मधोमध एका बुटक्या लाल खुर्चीत माझी जुई बसली होती. गुडघे पार छातीपर्यंत आलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, घडी घातल्यासारखे. ती दारातून शाळेच्या व्हरांड्याकडे बघत होती. मी दारात उभी राहिले आणि तिच्या नजरेच्या आड आले, तर तिनं मान वाकडी करून माझ्या बाजूनं बघितलं.

"परात सई," ती मला म्हणाली. तक्रार नव्हती. मला कळावं म्हणून सांगितलं.

मी तिचा हात धरला. म्हटलं, चल. आपण तिकडं जाऊ, तुझ्या वर्गात.

तिनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवला. "बाई म्हनल्या हितं."

मी पुन्हा म्हटलं, चल. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. बाईंचं ऐकायचं असतं. हे तर मीच तिला रोज सकाळी सांगत आले होते. मग मी तिथंच खाली बसले, निजलेल्या बाळांच्या कडेला. तिच्या खुर्चीला टेकून, बाटली मांडीवर घेऊन. अंगणवाडीताई काहीतरी आवरायचं निमित्त करून मागच्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळानं बोलण्याचे आवाज जवळ आले. पथकातल्या एक मॅडम, मागं गुरुजी आणि लवटे बाई. मॅडम हसऱ्या होत्या. जाता जाता छोट्यांनाही बघू म्हणून आल्या असाव्यात. दारातून त्यांनी निजलेली पोरं पाहिली, 'किती गोड' म्हणाल्या, आणि मग जुई दिसली.

"अरे, ही एवढी मोठी? नाव काय गं तुझं?"

जुई उभी राहिली. खुर्ची तिला चिकटून जराशी उचलली गेली आणि खाली पडली. तिनं हात सरळ केले, जसे बाईंनी शिकवले होते तसे. आणि तिनं सांगितलं. पुरं सांगितलं. बाईंनी महिनोन्‌महिने घोटून घेतलेलं होतं ते.

"जुई धनाजी पाटोळे. इयत्ता दुशली."

मला स्वच्छ कळलं. पण मी तिची आई. तिच्या बोलण्यात जीभ मधे येते, शब्द एकमेकांत मिसळतात. मॅडमना कळलं नाही. त्यांनी हसतच मागं वळून पाहिलं, कुणीतरी सांगावं म्हणून.

लवटे बाईंना कळलं होतं. तो शब्द न्‌ शब्द त्यांचाच होता. त्यांचे ओठ जुईबरोबर हललेले मी पाहिले होते.

गुरुजी खाकरले.

"अंगणवाडीतच असते ती," बाई म्हणाल्या.

मी उठून बोलणार होते. तोंड उघडलंही असेल. पण जुई बाईंकडे बघत होती, आणि ते बघणं मधे आलं. रुसल्यासारखं नव्हतं ते. फळ्यावर नवीन काही लिहिलं की ती जसं बघायची, भुवया जवळ आणून, नीट लक्षात ठेवायला, तसं होतं. मी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मॅडमनी तिच्या गालावर हात फिरवला आणि त्या गेल्या. जुई खाली बसली.

जीप गेल्यावर गुरुजींनी पेढे वाटले. पाटी मिळणार हे त्यांना जाता जाता सांगितलं गेलं होतं म्हणे. लवटे बाई एक पेढा घेऊन जुईजवळ आल्या, तिच्या हातात दिला. मग माझा दंड घट्ट धरला.

"राहिली ती," त्या म्हणाल्या. "वर्गात राहिली. आता कुणी नेत नाही तिला."

मी दंड सोडवून घेतला. जुईला घेऊन घरी आले. संध्याकाळी तिनं चपला लावल्या, जेवली, झोपली. मला वाटलं, तिला काही कळलं नसावं. हिला सगळं कळणार नाही, ही डॉक्टरांनी सांगितलेली तेवढी एक गोष्ट त्या रात्री मला बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी उभी होते. बाईंनी पाहिलं, पण खिडकी सोडायला सांगितलं नाही.

जुई गोणपाटावर बसली. डबा उघडला. बटण काढलं, हर्षदला शोधलं, परातीत टाकलं. चिंचोका. निळं झाकण. चाक. दोन मुली आल्या नव्हत्या, त्यांच्या वस्तू तिनं न विचारता डब्यात राहू दिल्या. मग घुंगरू हातात घेतलं. मी कान दिला.

तिनं ते तळहातावर ठेवून पाहिलं. मग सावकाश, आवाज होणार नाही अशा बेतानं डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"जुई," बाई म्हणाल्या. "तुझं राहिलं की."

जुईनं मान हलवली.

"अगं, तुझं घुंगरू. टाक परातीत."

"नाई त्याचं दब्यात," जुई म्हणाली.

पाढा म्हणणारी पोरं थांबली. बाई तिच्याजवळ आल्या, उकिडव्या बसल्या. तिचे दोन्ही खांदे धरले. "तू आलीयस ना? ही काय माझ्यासमोर बसलीयस. आलीय ना जुई?"

जुईनं बाईंचा चेहरा पाहिला. हर्षदचं उत्तर चुकलं की बाई जशा समजावायच्या, तशी ती बोलली, सावकाश, न चिडता. बोटानं पटांगणाच्या टोकाकडे दाखवून.

"जुई तिकलं अशते."

बाईंनी डबा उघडला, घुंगरू काढलं आणि स्वतः परातीत टाकलं. खणकन वाजलं. जुईनं ते उचललं आणि परत डब्यात ठेवलं. बाईंनी पुन्हा टाकलं. तिनं पुन्हा ठेवलं. परात उचलून ती स्वयंपाकाच्या खोलीत गेली. तिथनं मालनमावशींचा आवाज आला, की सायबीन, एक ताट कमी मांडलंस. खिचडीची घंटा झाली तेव्हा जुई एकटी पटांगण ओलांडून अंगणवाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

लवटे बाई गोणपाटावर बसून होत्या. डबा मांडीवर. मला खिडकीत बघून त्या म्हणाल्या, "इतकं पक्कं मी तिला काहीच शिकवलं नव्हतं हो."

त्यांनी सोडलं नाही. मी त्यांना दोष देते, पण हेही सांगायला हवं. वर्ष संपेपर्यंत त्या रोज प्रयत्न करत राहिल्या. वस्तू बदलून पाहिल्या, पोरांना तिच्याभोवती बसवलं, रोज हाताला धरून ओळीत आणून जेवायला घातलं. ती यायची, बसायची, जेवायची. पण परातीत घुंगरू तिनं कधी टाकलं नाही. उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. शाळेची पाटी अजून आहे, रंग उडालाय.

जुई आता माझ्या खांद्याच्या वर गेलीय. बरंच येतं तिला. दूध केंद्रावर ह्यांच्याबरोबर जाते, कुणाचं कॅन आलं, कुणाचं राहिलं, अचूक सांगते. घरी रात्रीची ताटं तीच मांडते. रोज एक कमी, स्वतःचं. एवढी वर्षं ते आत्यांनी सांभाळलं. गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, फळीवरचं ताट घ्यायच्या, आणि "हे आमच्या सायबिनीचं" म्हणून स्वतःशेजारी मांडायच्या. जुई तिथं बसून जेवायची. आत्यांनी मांडलंय म्हणून.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेल्या. पाहुणेरावळे परतले, घर रिकामं झालं, आणि पहिल्यांदाच आम्ही आम्हीच जेवायला बसणार होतो. मी भाकरी थापत होते. मागं ताटांचा आवाज ऐकू आला. एक ह्यांचं. एक माझं. मग आवाज थांबला.

आत्यांचं ताट तिनं मांडलं नाही. ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. भिंतीशी त्यांच्या चपला नाहीत हे तिनं केव्हाच पाहिलं होतं.

मी तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले. फळीवरून एक ताट घेतलं आणि माझ्या ताटाशेजारी मांडलं.

जुईनं त्या ताटाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, उंबऱ्याकडे, चपलांकडे. तिचा चेहरा उजळला.

"कोन आलं?" तिनं विचारलं.